सुजलेला गुडघा, युरिक ॲसिडचा कागद आणि स्यूडोगाऊट

सत्तरी ओलांडलेला माणूस. रात्री जेवून नीट झोपलेला. पहाटे उठायला जातो तर गुडघा फुगलेला, गरम, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. अंगात बारीक कणकण. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी अशा माणसाला दवाखान्यात नेले की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. एक इंजेक्शन, दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या आणि रक्ताची तपासणी. युरिक ॲसिड सात-साडेसात आले की घरात निकाल लागतो: 'बाबांचं युरिक ॲसिड वाढलं.' तुरीची डाळ बंद, वांगी बंद, आणि युरिक ॲसिड उतरवणारी गोळी सुरू, तीही कायमची. काही महिन्यांनी दुसरा गुडघा सुजतो किंवा मनगट सुजते. तेव्हा गोळीचा डोस वाढतो.

या माणसाला गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी होणारा संधिवात, असू शकतो. पण या वयात, गुडघा किंवा मनगटाला असा अचानक झटका आला, तर स्यूडोगाऊटची शंका तितकीच, किंबहुना अधिक गंभीरपणे घ्यायला हवी. हा वेगळा आजार आहे. त्याचा युरिक ॲसिडशी संबंध नाही, डाळीशी नाही, आणि युरिक ॲसिडच्या गोळीने तो थांबत नाही. त्याचे निदान रक्तात होत नाही, सुजलेल्या सांध्यातल्या पाण्यात होते. या लेखात वारंवार हीच गोष्ट येईल, कारण योग्य तज्ज्ञ कोण या प्रश्नाचे उत्तरही तिथूनच सुरू होते.

आधी आजार समजून घेऊ. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, आणि गुडघ्यात दोन हाडांमध्ये गादीसारखा मेनिस्कस असतो. कूर्चेतल्या पेशी पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ बाहेर टाकतात. वय वाढले, सांधा झिजला किंवा शरीरातल्या क्षारांचे गणित बिघडले की हे पायरोफॉस्फेट कॅल्शियमशी जोडले जाते आणि कूर्चेत बारीक स्फटिक तयार होतात. वर्षानुवर्षे ते तिथे निमूट पडून राहू शकतात, आणि अनेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. पण काही निमित्ताने हे स्फटिक कूर्चेतून सुटून सांध्याच्या पोकळीत उतरले, की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. गुडघ्याची आग, सूज, ताप हे सगळे त्या हल्ल्याचे परिणाम. पेशींमधली धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा युरिक ॲसिडच्या आणि पायरोफॉस्फेटच्या स्फटिकांनी सारखीच जागी होते, हे २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले. म्हणून दोन्ही आजारांचा झटका बाहेरून जुळ्या भावांसारखा दिसतो. वैद्यकीय लिखाणात आता या आजाराला सीपीपीडी म्हणतात, म्हणजे कॅल्शियम पायरोफॉस्फेट साचण्याचा आजार. स्यूडोगाऊट हे त्यातल्या अचानक येणाऱ्या झटक्याचे जुने, रुळलेले नाव.

हे नाव १९६२ सालचे. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली गाऊटच्या रुग्णांच्या सांध्यातले पाणी पाहिले आणि त्यात युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक दाखवून दिले. ही तपासणी सरसकट करू लागल्यावर लक्षात आले की गाऊट समजून उपचार चाललेल्या काही रुग्णांत युरेट नाहीच. तिथे वेगळ्या आकाराचे, प्रकाशाशी वेगळ्या तऱ्हेने वागणारे स्फटिक आहेत. ते कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे निघाले. स्फटिकांमुळेच सांधा पेटतो हे सिद्ध करण्यासाठी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी युरेटचे स्फटिक स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले आणि त्या वेदना भोगल्या. त्याच्या थोडे आधी स्लोव्हाकियात झित्नान आणि सितय या डॉक्टरांनी काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या कूर्चेत क्षार साचत असल्याचे एक्स-रेवरून नोंदवले होते. साठ वर्षांपूर्वी हा घोळ जगाने ज्या साधनाने सोडवला, ते साधन आजही जिल्ह्याच्या पातळीवर रोजच्या वापरात आलेले नाही. हे मला फार खटकते, कारण ते साधन महाग नाही.

आजार किती जणांना होतो? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीत पासष्ट ते एकोणसत्तर वयातल्या सुमारे ३ टक्के लोकांच्या गुडघ्याच्या एक्स-रेत हे क्षार दिसले, पंच्याऐंशीच्या पुढे चारातल्या एकाहून अधिक. म्हणजे हा सरळसरळ म्हातारपणाचा आजार आहे. साठीच्या आत तो विरळा. स्त्री-पुरुषांत फारसा फरक नाही. गाऊट मात्र मध्यमवयीन पुरुषांत जास्त, आणि त्याचा पहिला झटका पुष्कळदा पायाच्या अंगठ्याला येतो. स्यूडोगाऊटला गुडघा सर्वांत जवळचा, मग मनगट, मग खांदा, घोटा, कोपर.

महाराष्ट्रात सांध्यांच्या आजारांची मोजदाद कशी करावी याचा उत्तम नमुना पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ साली तिथे घरोघर जाऊन पाहणी झाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या पद्धतीने. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले. ग्रामीण भारतातल्या सांधेदुखीबद्दल आपण आज जे खात्रीने बोलतो त्यातले बरेचसे भिगवणच्या त्या कामामुळे. पण अशी पाहणी प्रश्नावली आणि तपासणीवर चालते, आणि स्यूडोगाऊट तिच्या जाळ्यात सापडत नाही. झटका दोन आठवड्यांत ओसरतो, आणि ओळख पटवायला सांध्यातले पाणी काढावे लागते. म्हणून हा आजार आकडेवारीत कमी दिसतो, आणि कमी दिसतो म्हणून डॉक्टरांच्या मनातही उशिरा येतो.

झटक्याची निमित्ते ओळखता येतात. कुठलेही मोठे आजारपण, शस्त्रक्रिया, सांध्याला मार. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली आजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापते, तिचा गुडघा सुजतो, सगळ्यांना जंतुसंसर्गाची धास्ती वाटते. हे स्यूडोगाऊटचे अगदी ओळखीचे चित्र आहे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत तो जास्त दिसतो. शरीरात मॅग्नेशियम कमी झाले तरी स्फटिक साचायला मदत होते. पित्तासाठी, 'गॅस'साठी सकाळी अनशापोटी घेतली जाणारी गोळी अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू असते. या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर काहींचे मॅग्नेशियम घसरते. गोळीची खरोखर गरज आहे का, हे एकदा डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

साठीच्या आतल्या माणसाला हा आजार झाला, तर त्यामागे दुसरा आजार शोधलाच पाहिजे. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असतील तर रक्तातले कॅल्शियम वाढते. शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक आजार असू शकतो. मॅग्नेशियम किंवा अल्कलाइन फॉस्फटेज कमी असण्याचे विकार असतात. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइड हार्मोन, फेरिटिन: एवढ्या रक्त तपासण्यांत यातले बहुतेक सापडते. पॅराथायरॉइडची गाठ सापडून तिची शस्त्रक्रिया झाली तर हाडे आणि मूत्रपिंड वाचतात. कूर्चेत आधीच साचलेले स्फटिक मात्र त्याने निघत नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच कॅल्शियम उतरते तेव्हा एखादा झटकाही येऊ शकतो. रुग्णाला हे आधी सांगून ठेवावे.

कॅल्शियमचे स्फटिक म्हटले की घरात पहिली गदा दुधावर येते. तसे करू नये. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांची पाहणी झाली तेव्हा त्यांच्या गुडघ्यांत हे क्षार अमेरिकेच्या मानाने बरेच कमी आढळले. बीजिंगच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियमचे प्रमाण पुष्कळ असते. भरपूर कॅल्शियममुळे पॅराथायरॉइड शांत राहत असावी आणि म्हणून स्फटिक कमी होत असावेत, अशी शक्यता संशोधकांनी मांडली. दूध, दही, ज्वारी, डाळ यांपैकी काहीही सोडल्याने स्यूडोगाऊट बरा होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या ताटातून प्रथिने काढून घेतली तर मात्र स्नायू आटतात आणि दुखऱ्या गुडघ्याला आधार उरत नाही.

आता यवतमाळकडे वळू. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सत्तावीस लाखांहून अधिक, तालुके सोळा. इथे सुजलेल्या सांध्यामागे इतक्या वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात की डॉक्टरांची खरी परीक्षा होते. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा, पर्याय नसेल तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी मुलांच्या दातांवर डाग दिसतात, मग मोठ्यांची कंबर, मान, गुडघे आखडतात. हाडे दाट होतात, स्नायुबंधांत क्षार साचतात, माणसाला वाकता येत नाही. एक्स-रेत 'क्षार साचलेत' हे शब्द या फ्लोरोसिसमध्येही लिहिले जातात आणि स्यूडोगाऊटमध्येही, पण जागा वेगळी असते. फ्लोरोसिसचे दुखणे हळूहळू वाढते. एका रात्रीत गुडघा लालबुंद करणे ही त्याची तऱ्हा नाही. तेओतिया दांपत्याने १९७३ साली भारतातल्याच फ्लोरोसिसच्या रुग्णांत पॅराथायरॉइड ग्रंथी उद्दीपित झाल्याचे नोंदवले होते. म्हणून फ्लोराइडच्या गावातला रुग्ण स्यूडोगाऊट घेऊन आला तर कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी टाळू नये, असे माझे मत आहे.

चिकुनगुनिया विदर्भाला नवा नाही. तापानंतर हात, पाय, घोटे, मनगटे एकदम धरतात आणि महिनोन्‌महिने दुखत राहतात. तो एका सांध्यावर थांबत नाही, आणि गावात, शेजारीपाजारी इतरही आजारी असतात. सिकलसेलचा आजार या भागात आदिवासी आणि इतर समाजांतही आहे. त्यातली हाडे-सांध्यांची कळ तरुणपणीच सुरू होते, म्हणून वय पाहिले तरी अर्धी उकल होते. एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला, फारसा लाल नाही, वजन घटतेय, तर क्षयरोगाचा विचार करावा. शेतात काम करणाऱ्या माणसाच्या बोटाचा किंवा गुडघ्याचा सांधा सुजला तर बाभळीचा काटा मोडला होता का, हे जरूर विचारावे. काट्याचा तुकडा सांध्यात अडकून राहिला तर सूज कित्येक महिने हटत नाही.

या सगळ्यांत जीवावर बेतणारी शक्यता एकच, सांध्यातला जंतुसंसर्ग. मधुमेही, वृद्ध, किंवा सांध्यात आधी कुणाकडून तरी इंजेक्शन घेतलेल्या माणसाचा गुडघा सुजला आणि ताप आला, तर सांध्यात पू झाला नाही ना, हे त्याच दिवशी पाहायला हवे. काही दिवसांतच कूर्चा नष्ट होते आणि संसर्ग रक्तात पसरतो. स्यूडोगाऊटमध्येही ताप येतो, ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे आकडे चढतात, पांढऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्याहून बिकट म्हणजे दोन्ही एकाच सांध्यात एकाच वेळी असू शकतात. स्फटिक सापडले म्हणून जंतू नाहीत असे म्हणता येत नाही.

म्हणून सुई. सुजलेल्या सांध्यातले पाणी काढून तपासणे याला पर्याय नाही. आपल्याकडे मात्र 'एकदा पाणी काढलं की पुन्हा पुन्हा भरतं' ही समजूत घट्ट बसलेली आहे, आणि तिच्यापुढे कधी डॉक्टरही मान तुकवतात. पाणी पुन्हा भरते ते मूळ आजार चालू असल्यामुळे, सुईमुळे नव्हे. स्वच्छ हातांनी, जागा बधिर करून केलेली ही काही मिनिटांची क्रिया आहे. ताण उतरल्याने रुग्णाला तिथेच हलके वाटते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगावी. एवढ्यावरून डॉक्टर सहसा क्रिया रद्द करत नाहीत.

काढलेल्या पाण्याच्या तीन तपासण्या हव्यात: पेशींची मोजणी, जंतूंसाठी ग्रॅम स्टेन आणि कल्चर, आणि स्फटिकांचा शोध. पहिल्या दोन बहुतेक ठिकाणी लिहिल्या जातात. तिसरी लिहायची राहून जाते, आणि लिहिली नाही की कुणी करत नाही. कल्चरसाठीचे पाणी प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घेतलेले असावे. उशीर झाला तर हे स्फटिक शोधणे अवघड होत जाते, म्हणून नमुना शक्य तितक्या लवकर पाहायला हवा. दुसऱ्या गावी पाठवून चार दिवसांनी आलेल्या 'स्फटिक नाहीत' या अहवालावर फार विसंबू नये. हे स्फटिक लहान, आखूड, चौकटीसारखे असतात आणि ध्रुवीकृत प्रकाशात क्षीणच चमकतात. युरेटची सुई मात्र झळाळून दिसते. त्यामुळे सवय नसलेल्या नजरेतून पायरोफॉस्फेट सुटते.

गुडघा, मनगट आणि ओटीपोटाच्या एक्स-रेत कूर्चेच्या जागी पांढरी रेघ दिसली तर पुरावा भक्कम होतो. पण रेघ नाही म्हणून आजार नाही असे नाही, आणि ऐंशीच्या माणसात रेघ आहे म्हणून आजची सूज तिच्यामुळेच असेही नाही. सोनोग्राफी, करणारा तयार असेल तर, एक्स-रेहून बारीक पाहते. २०२३ साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून या आजाराचे निकष ठरवले, मुख्यतः संशोधनासाठी. त्यांतही सांध्यातल्या पाण्यात स्फटिक सापडले की दुसरे काही मोजायची गरज ठेवलेली नाही. मानेच्या दुसऱ्या मणक्याभोवती क्षार साचून होणाऱ्या दुखण्यालाही त्यांनी तोच मान दिला. वृद्ध माणसाची मान एकाएकी आखडली आणि ताप आला तर मेंदुज्वराचा संशय घेणे योग्यच, पण सीटी स्कॅनमध्ये या मणक्याकडेही पाहायला सांगावे.

मग युरिक ॲसिडच्या कागदाचे काय करायचे? गाऊटच्या झटक्यात युरिक ॲसिड कधी नेहमीच्या मर्यादेत असते, आणि गाऊट नसलेल्या पुष्कळ वृद्धांत, विशेषतः लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांत किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांत, ते वाढलेले असते. एकट्या त्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करणे चूक आहे. ॲलोप्युरिनॉल हे त्या गोळीतले नेहमीचे औषध काही लोकांत अंगभर जीवघेणे चट्टे उठवते, आणि मूत्रपिंडानुसार त्याचा डोस सांभाळावा लागतो. हेच 'आरए फॅक्टर' या आमवाताच्या रक्ततपासणीबद्दल. सीपीपीडी कधी कधी दोन्ही मनगटांत आणि बोटांच्या मुळांत रेंगाळतो आणि आमवातासारखा दिसतो. वयस्कर माणसात आरए फॅक्टर विनाकारणही पॉझिटिव्ह येऊ शकतो. दोन्ही जुळून आले की आमवातावरचे मेथोट्रेक्सेट सुरू होते, जे या आजारात नेमकेपणाने तपासले गेले तेव्हा फायद्याचे ठरले नाही.

उपचारांत चमत्कार नाही. साचलेले स्फटिक विरघळवणारे औषध आजवर निघालेले नाही, आणि तसा दावा करणाऱ्या कुठल्याही काढ्यापासून, पुडीपासून दूर राहावे. झटका शमवता येतो. बर्फाचा शेक, सांध्याला थोडे दिवस विश्रांती, पाणी काढणे, आणि जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्यावर सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन, हा एका सांध्याच्या झटक्यावरचा सर्वांत सुटसुटीत उपाय. अनेक सांधे धरले असतील तर काही दिवसांचा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा कोर्स किंवा कमी मात्रेत कोल्चिसीन. फ्रान्समध्ये ही दोन औषधे वृद्ध रुग्णांत समोरासमोर ठेवून तपासली गेली आणि २०२३ साली निकाल आला. वेदना दोन्हींनी सारख्याच उतरल्या, पण कोल्चिसीन घेतलेल्या पाचांतल्या एकाला जुलाब झाले, प्रेडनिसोलोनमध्ये ते बरेच कमी. मधुमेह्याची साखर प्रेडनिसोलोनने चढते. म्हणजे निवड रुग्ण पाहून करायची. दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक आणि तिची भावंडे, वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करतात. उन्हाळ्यात यवतमाळचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, माणसे शेतात घाम गाळतात, पाणी कमी पडते. अशा दिवसांत ही गोळी मेडिकलवरून आपल्या मनाने आणून रोज खाणे फार धोक्याचे आहे.

कोल्चिसीनबद्दल आणखी थोडे. पावसाळ्यात विदर्भाच्या रानांतही फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते. म्हणूनच तो कंद जहाल विषारी आहे. कुणी सांधेदुखीवर 'जंगलातलं मूळ' देत असेल तर ते घेऊ नये. गोळीच्या रूपातही हे औषध मूत्रपिंड कमकुवत असेल तर साचते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकासोबत त्याचे विष होऊ शकते. आणि त्या बेनाम पुड्या, ज्यांनी 'दोन दिवसांत आराम' पडतो! त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. महिनोन्‌महिने घेऊन त्या एकदम बंद केल्या तर शरीर कोसळते. अशी पुडी घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना ती दाखवा.

आता ज्या प्रश्नासाठी लोक नातेवाइकांना फोन करतात तो: दाखवायचे कुणाला? माझे उत्तर असे की पहिल्या दिवशी योग्य तज्ज्ञ म्हणजे त्याच दिवशी सुजलेल्या सांध्यात सुई घालून पाणी काढणारा डॉक्टर. तो अस्थिरोगतज्ज्ञ असेल किंवा मेडिसिनचा एमडी, पदवीने फरक पडत नाही. नागपूरच्या मोठ्या नावाची दोन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट घेऊन घरी बसलेल्या रुग्णाचे नुकसान दोन प्रकारांनी होते. जंतुसंसर्ग असेल तर सांधा जातो, आणि स्यूडोगाऊट असेल तर तोवर सूज ओसरते, पाणी निघत नाही, आणि मोठा तज्ज्ञही अंदाजावर येतो.

जिल्ह्यात यासाठी सर्वांत भरवशाची जागा यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मेडिसिन, अस्थिरोग, सूक्ष्मजीवशास्त्र आणि विकृतीशास्त्र हे चारही विभाग एका आवारात असणे हीच या आजारात मोठी गोष्ट आहे. पण जिल्हा लांबट पसरलेला आहे आणि रेल्वेचे जाळे तोकडे. नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाला, बाकी भिस्त एसटीवर आणि महामार्गांवर. उमरखेड, महागाव, पुसदच्या माणसाला नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालय सोयीचे. वणी-मारेगावकडचे चंद्रपूरला किंवा नागपूरला जातात, पांढरकवड्याहून महामार्गाने थेट नागपूर. कळंब, बाभूळगाव, राळेगावच्या लोकांना वर्धा जिल्हा जवळ. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून ग्रामीण रुग्णांसाठीच उभी आहे, आणि सावंगी मेघेचे विनोबा भावे रुग्णालयही तिथून जवळच. नेर, दारव्ह्याचे लोक अमरावती गाठतात. यांपैकी जे सर्वांत लवकर गाठता येईल ते पहिल्या दिवशी बरोबर.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा खास अभ्यास केलेला डॉक्टर, याचा नंबर त्यानंतर लागतो. तो मुख्यतः नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरांत भेटतो. झटके वारंवार येत असतील, आमवात की सीपीपीडी हा गोंधळ सुटत नसेल, मूत्रपिंड किंवा हृदयामुळे नेहमीची औषधे देता येत नसतील, वय साठीच्या आत असेल, तर त्याच्याकडे जाणे सार्थकी लागते. क्वचित लागणारी अनाकिन्रासारखी महाग इंजेक्शने त्याच्याच सल्ल्याने घ्यावीत. पॅराथायरॉइडचा दोष निघाला तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट. 'सांधेरोगतज्ज्ञ' अशी पाटी कुणीही लावू शकतो, म्हणून पाटीपेक्षा पदवी पाहावी: मेडिसिननंतर ऱ्हुमॅटॉलॉजीत डीएम किंवा डीएनबी, किंवा एखाद्या नामांकित विभागातले प्रशिक्षण. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. आणि भेट ठरवतानाच फोनवर विचारावे: 'तुमच्याकडे सांध्यातल्या पाण्यात स्फटिक तपासण्याची सोय आहे का?' या एका प्रश्नाच्या उत्तरावरून बरेच कळते.

जाताना सगळे एक्स-रे, जुने रक्ताचे अहवाल, सध्याची प्रत्येक गोळी तिच्या पाकिटासकट, आणि सुजलेल्या सांध्याचा मोबाइलवर तारखेसह काढलेला फोटो सोबत न्यावा. नागपूरला पोचेपर्यंत सूज उतरलेली असते, तेव्हा हा फोटोच साक्षीदार. एकदा निदान कागदावर लिहिलेले मिळाले की पुढचे झटके गावाजवळच्या एमडीकडे सांभाळता येतात. सरकारच्या ई-संजीवनी या दूरवैद्यकीय सेवेवरून किंवा फोनवरून तज्ज्ञाचा पाठपुरावा चालू शकतो. नवा सांधा खूप ताप-थंडीसह सुजला तर मात्र फोन पुरत नाही. पुन्हा सुई, पुन्हा कल्चर.

या साखळीत एक तज्ज्ञ नेहमी विसरला जातो, विकृतीशास्त्राचा डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट. रुग्ण त्याचे तोंडही पाहत नाही, पण हे निदान त्याच्याच डोळ्यांनी होते. ध्रुवीकृत प्रकाशासाठी खास सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच. नसेल तर साध्या सूक्ष्मदर्शकात ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्या बसवूनही सुरुवात करता येते, आणि साध्या प्रकाशातही सरावलेली नजर हे स्फटिक पकडते. लागतो तो सराव, आणि सरावासाठी नमुने. यवतमाळच्या महाविद्यालयात दर सुजलेल्या सांध्याचे पाणी त्याच दिवशी स्फटिकांसाठी पाहण्याचा शिरस्ता पडला, पुसद-वणी-पांढरकवड्याच्या सरकारी रुग्णालयांनी तिथे नमुने पाठवण्याची सोय झाली, आणि कोणत्या तालुक्यातून, कोणत्या वयाच्या, कोणते पाणी पिणाऱ्या माणसात काय सापडले याची वही ठेवली गेली, तर पाच वर्षांत असे काही हाती येईल जे कुठल्याही प्रश्नावलीतून येणारे नाही. फ्लोराइडच्या गावांत हा आजार जास्त आहे की नाही, हेही त्याच वहीतून कळेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवे पदही लागत नाही. तपासणीच्या छापील अर्जावर 'स्फटिक' असा एक रकाना वाढवून उद्या सकाळपासून हे सुरू करता येईल.